शिपाईमामांच्या खांद्यावर नेमकं कोण होतं?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप झालाय आणि मी रात्री दीड-दीड वाजेपर्यंत जुनं ठाणं आठवत बसते. त्यावर इतके मेल आणि चक्क तीन हाताने लिहिलेली पत्रं आलीत की या वेळी कुंड्यांतला मावा, सुनेचा मोबाइल आणि गुडघेदुखी हे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, रागावू नका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी नौपाड्यातली, दहावी मार्च १९७९, आणि आता राहायला घोडबंदर रोडला अठराव्या मजल्यावर, जिथे आमच्या लहानपणी कोणी गेलं तर लोक "काय काम काढलंस तिकडे?" असं विचारायचे. नावं नेहमीसारखी कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न (ऐरोलीहून एक वाचक, वय ५८): आमची १९८३ ची बॅच, शाळा ठाण्यात तळावपाळीपासून, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठापासून, चालत पाच मिनिटांवर. ग्रुपवर ६२ जण आहेत. पाचवीत असताना जुलैमध्ये एकदा शाळेसमोर गुडघ्याच्या वर पाणी भरलं आणि शिपाईमामांनी मला खांद्यावर बसवून रस्त्याच्या त्या बाजूला नेऊन सोडलं, हे मला काल घडल्यासारखं आठवतंय. मी हे ग्रुपवर टाकलं तर आणखी दोघं म्हणाले, अरे तो मी होतो. मग जे काही पेटलं ते विचारू नका, एकजण ग्रुप सोडून गेला, अ‍ॅडमिनने परत घेतला, तो परत गेला. तिघांपैकी खोटं कोण बोलतंय हे कसं ओळखायचं?

उत्तर: अहो दादा, कोणीच खोटं बोलत नाहीये, तीच तर पंचाईत आहे. खोटं बोलणारा माणूस इतका चिडत नाही.

माझंच सांगते. गडकरी रंगायतनचं, म्हणजे तळ्याकाठच्या नाट्यगृहाचं, उद्घाटन झालं डिसेंबर १९७८ ला, मी दहावीत. आणि ते उद्घाटन मी पाहिलंय असं मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आले, तळ्याच्या पाण्यात पडलेले दिवे, बायकांच्या गजऱ्यांचा वास, बाबांनी धरलेला माझा हात, सगळं तपशिलात. परवा धाकटी बहीण शांतपणे म्हणाली, ताई तू गेलीच नव्हतीस, तुझी प्रिलिम होती म्हणून तुला घरी बसवलेलं, मी गेले होते बाबांबरोबर आणि रात्री येऊन तुला अंथरुणात सगळं सांगितलं होतं. मी आधी भांडले. मग आठवलं, की बाबा मी नववीत गेल्यापासून रस्त्यात माझा हात धरायचेच नाहीत. म्हणजे तो हात तिचा होता, मी नुसता ऐकून स्वतःच्या हाताला चिकटवून टाकला.

आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली साडी नव्हे, काढली, बघितली आणि तशीच घडी घालून ठेवली. प्रत्येक वेळी आठवताना आपण ती परत नव्याने विणतो, आणि विणताना दुसऱ्याकडून ऐकलेला एखादा धागा कधी आत गेला ते कळत नाही. तुमच्या वर्गात ती खांद्याची गोष्ट त्या आठवड्यात पन्नास वेळा सांगितली गेली असणार, मधल्या सुट्टीत, घरी, ट्यूशनला, आणि ज्यांनी ज्यांनी मनातून म्हटलं असेल की आपण असतो तर, ते सगळे आज खांद्यावर आहेत. दुसरी शक्यता तर अगदीच साधी आहे हो, मामांनी तीन फेऱ्या मारल्या असतील. पाण्यात अडकलेली पोरं एकच का असतील? तुम्ही तिघांनीही मामा फक्त आपल्यासाठी आले होते असं धरून चाललायत, यात मामांच्या कंबरेचा विचार कुणी केलेला नाही.

आता ग्रुपसाठी एक काम करा. अशी कुठलीही गोष्ट ग्रुपवर डायरेक्ट टाकू नका, कारण पहिल्याने लिहिलं की बाकीच्यांच्या आठवणी त्याच्या मागे मेंढरासारख्या चालायला लागतात. आधी प्रत्येकाने आपापल्या घरी बसून वहीत लिहायचं किंवा आपल्याच फोनवर बोलून रेकॉर्ड करायचं, सगळ्यांचं झालं की एकाच दिवशी उघडायचं. आणि प्रश्न "काय झालं" असा विचारू नका, छोटं विचारा. तुझ्या हातात काय होतं? चप्पल पायात होती का हातात? मामांच्या डोक्याला कुठल्या तेलाचा वास येत होता? वरून काय दिसलं? खांद्यावर बसलेल्या पोराला वरून मामांचं टक्कल दिसलं असेल, आणि पाण्यात उभं राहून बघणाऱ्याला मामांची वर खोचलेली खाकी पँट. तिथेच उलगडेल.

अजून एक विचारून बघा, तू शाळेत कुठल्या रस्त्याने यायचास? कारण आपण आता म्हणतो "आपलं जुनं ठाणं", जसं काही ते सगळ्यांना एकच मिळालं होतं. चेंदणी कोळीवाड्यातला मुलगा घरातून निघाला की आधी वाळत घातलेले बोंबील आणि ओहोटीच्या चिखलाचा वास, मग शाळा. कोपरीचा मुलगा सिंधी शेजाऱ्यांच्या घरचा पापड हातात घेऊन स्टेशनचा पूल चढायचा, त्याच्या सगळ्या आठवणींत मागे लोकल वाजत असते. जांभळी नाक्यावरून येणाऱ्याला भाजीच्या हातगाड्यांतून वाट काढायची, वागळे इस्टेटकडून येणाऱ्याच्या घरी घड्याळाची गरजच नव्हती कारण कंपनीचा भोंगा होता आणि वडील कुठल्या पाळीला आहेत त्यावर घरात मोठ्याने बोलायचं की नाही ते ठरायचं. आम्ही नौपाड्यातल्या पोरी मात्र सगळं ठाणं म्हणजे गोखले रोड, राम मारुती रोड आणि तलावपाळीला एक फेरी एवढंच समजायचो. आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं "आपल्या काळी ठाणं किती शांत होतं", त्यावर स्टेशनजवळ वाढलेला म्हणाला, कुठलं शांत रे बाबा, मला अजून गाडीचा आवाज नसेल तर झोप लागत नाही. दोघंही एकाच बाकावर बसायचे.

(तळावपाळी का तलावपाळी यावरून मला पत्र पाठवू नका, मी एकाच उत्तरात दोन्ही लिहून मोकळी झालेय.)

प्रश्न (वर्तकनगरहून एक वाचक): बॅचला ४५ वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढतोय. सुरुवातीला ठाण्याचा इतिहास चार पानं घेतलाय. पण तारखांचा घोळ होतोय, कोणी म्हणतं आपण शाळेत असतानाच महानगरपालिका झाली, कोणी म्हणतं नंतर. मदत करा.

उत्तर: ४५ वर्षं म्हणजे तुमची १९८० ची किंवा आसपासची बॅच. महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर १९८२ ला, त्याआधी नगरपालिका होती आणि ती १८६३ पासूनची. म्हणजे तुमची अख्खी शाळा नगरपालिकेच्या ठाण्यात झाली आणि तुम्ही कॉलेजात असताना महानगरपालिका आली. नंतर म्हणणारे जिंकले.

तारखा पक्क्या करायला एक सोपी युक्ती सांगते, खुंट्या ठोकायच्या. ज्या गोष्टींची तारीख छापील आहे ती खुंटी, आणि आपली आठवण तिच्या अलीकडे का पलीकडे एवढंच विचारायचं. डिसेंबर १९७१ चं युद्ध, म्हणजे खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे-खाकी कागद. १९७२ चा दुष्काळ, म्हणजे रेशनवरची मिलो ज्वारी, तिची लालसर भाकरी आणि आईचं ती थापताना तुटल्यावर वैतागणं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पण तुमच्या वाड्यात पहिला टीव्ही कधी आला ते वेगळं लिहा, आमच्याकडे तो यायला पुढची पाच वर्षं गेली. मे १९७४ चा रेल्वेचा संप. मार्च १९७५ ला दहावीची पहिली परीक्षा, त्याच वर्षी जुन्या अकरावीवालेही बसले आणि कॉलेजात दोन वर्षांचे लोक एकदम, घरात मोठा भाऊ-बहीण असेल तर हे हमखास आठवतं. गडकरी १९७८. गिरणी संप जानेवारी १९८२. जून ८३ चा वर्ल्ड कप. या खुंट्यांना आठवणी टांगत जा, आपोआप ओळीने लागतात.

पण ती इतिहासाची चार पानं मात्र एकावर आणा, प्लीज. मसुदा वाचला मी. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, सगळं बरोबर आहे, फक्त "देशातली पहिली रेल्वे" असं न लिहिता "पहिली प्रवासी रेल्वे" लिहा कारण मद्रासकडे दगड वाहायची गाडी १८३७ लाच धावली होती. पण त्या डब्यांत तुमच्या बॅचचं कोणी बसलेलं नव्हतं ना! हे कुठेही मिळतं. तुमच्यातला जो रोज संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या टांग्याच्या घोड्याला गवत खाताना बघत उभा राहायचा, त्याला दोन पानं द्या, ते दुसरीकडे मिळणार नाही. आणि जुनी वर्तमानपत्रं, मासिकं चाळायची असतील तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच, १८९३ पासूनचं, जाऊन विचारा तरी. तिथल्या शांततेत अर्धा दिवस बसलात की स्मरणिका राहील बाजूला आणि तुम्ही जुन्या जाहिराती वाचत बसाल, हा धोका आधीच सांगून ठेवते.

प्रश्न (कळव्याहून एक ताई): मी खूप विचार करून लिहितेय. आमच्या शाळेच्या ग्रुपवर मला अजूनही त्या वेळच्या टोपणनावाने हाक मारतात. ते नाव माझ्या रंगावरून होतं. आता मला दोन नातवंडं आहेत, मी बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेय, आणि फोनवर ते नाव आलं की मी परत सहावीतल्या शेवटच्या बाकावर जाते. परवा एकाने आमच्या एका सरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं तो किस्सा "काय मजा यायची" म्हणून टाकला, ३१ जणांनी हसरे चेहरे टाकले. मी पण टाकला. ग्रुप सोडावा का? की मीच फार मनाला लावून घेतेय?

उत्तर: ताई, तुम्ही पण हसरा चेहरा टाकलात ना, ते वाचून मी फोन खाली ठेवला आणि चहा करायला गेले.

तुम्ही फार काही लावून घेत नाहीये. आमच्या वर्गात एक मुलगी होती, खाडीच्या बाजूने यायची. आई मासे विकायची, ही पहाटे तिला टोपली भरायला मदत करून तशीच शाळेत. आम्ही चौघी तिच्या बाकावर बसायचो नाही. कोणी सांगितलं नव्हतं, आम्हीच ठरवलं होतं, आणि नाक मुरडायची एक खूण होती आमची, दोन बोटं ओठांवर. ती खूण मी काढली होती. मी, म्हणजे आज तुम्हाला सल्ला देणारी. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला असायचा, त्यात पिन अडकवलेली, आणि ती चालताना पाय थोडा ओढायची कारण पिन टोचायची, हे सगळं मला दिसत होतं, म्हणजे मी तेवढं नीट बघत होते आणि तरीही.

आठेक वर्षांपूर्वी ती जांभळी नाक्यावर भेटली. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. घरी कोण कोण, मुलं काय करतात, सगळं बोललो. निघताना मी म्हटलं, अगं शाळेचा ग्रुप करतोय, नंबर दे. ती हसली आणि दोन बोटं ओठांवर ठेवली. बस. नंबर दिला नाही. मला राग आला नाही, मला घाम आला. भर डिसेंबरात.

म्हणून तुम्हाला जे सांगते ते त्या बाकाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या बाईचं आहे असं समजून वाचा. सगळ्या ग्रुपवर एकदम लिहू नका, तिथे अर्धे लोक मलम लावायला येतील आणि अर्धे "अगं गंमत होती" म्हणायला. जो ते नाव सर्वात जास्त वापरतो त्याला एकट्याला लिहा, दोन ओळी, कारण न देता: हे नाव मला नको, माझ्या नावाने हाक मार. माफी मागितली तर ठीक, नाही मागितली तरी नाव बंद झालं पाहिजे. अ‍ॅडमिन समजूतदार असेल तर त्याच्या कानावर घाला. आणि त्या वर्गाबाहेर उभं राहण्याच्या किश्शाचं, तुम्हाला वाटेल तेव्हाच, तुमच्या बाजूने लिहा. बाहेर किती वेळ उभ्या होतात, समोर काय होतं, कोण कोण जाता-येता बघून गेलं. मला खात्री आहे त्या ३१ जणांतल्या निम्म्यांना आपण कशाला हसलो तेच माहीत नाही.

तेवढं करूनही नाव चालूच राहिलं तर खुशाल सोडा ग्रुप. पन्नास वर्षांपूर्वी यादीत आपला नंबर कुणाच्या तरी शेजारी होता, एवढ्यावरून आयुष्यभर त्यांच्याबरोबर राहावंच लागतं असं कुठे आहे? ज्या दोघी-तिघी जीवाभावाच्या आहेत त्यांना वेगळं फोन करा.

आणि बाकी सगळ्यांना, मार खाल्ल्याचे किस्से सांगताना जरा बघा, की ज्याने मार खाल्ला तोच सांगतोय का.

प्रश्न (घोडबंदर रोडहून दोन मैत्रिणी): गेट-टुगेदर कुठे करावं? पुरुष मंडळी कर्जतच्या रिसॉर्टवर अडून बसलीयेत.

उत्तर: रिसॉर्टवर गेलात की बायका सामान आवरणार आणि पुरुष संध्याकाळची वाट बघणार, हे काय मी सांगायला पाहिजे? सकाळी सातला तळावपाळीला भेटा, एक फेरी मारा, ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी कठड्यावर बसावं. तिथून कौपीनेश्वराला जा, मग मामलेदार कचेरीकडे मिसळ, कमी तिखट सांगायला लाजू नका आता, आपल्यापैकी निम्मे गोळ्यांवर आहेत. मग शाळा. शाळेच्या परवानगीचं पत्र महिनाभर आधी लेखी द्या, आणि रविवारी वर्ग उघडायला जो कर्मचारी येईल त्याचं जेवण आणि पाकीट बजेटमध्ये धरा, हे दर वेळी राहतं. गाड्या आणू नका, पार्किंग मिळणार नाही, लोकलने या. बाकांवर बसायचा हट्ट करू नका, आमच्यातला एक बसला आणि मग त्याला दोघांनी बाहेर काढला.

प्रश्न (घणसोलीहून एक वाचक, वय ६१): तुम्ही ठाणेकर लोक जुन्या ठाण्याच्या आठवणी सांगता पण तुमचं तळं जागेवर आहे, देऊळ जागेवर आहे, नाका जागेवर आहे. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेलो. शाळेच्या मागून शेत, मग बांध, मग खाजण म्हणजे खारी दलदल, मग खाडी. आता गावठाण तेवढं राहिलंय, बाकी सेक्टर. नातवाला दाखवायला नेलं तर तो म्हणतो आजोबा इथे तर मॉल आहे. आमच्या बॅचचे अकरा जण रोज संध्याकाळी देवळापाशी बसतो आणि हेच बोलतो. याचं काही करता येईल का, का नुसतंच बोलत बसायचं?

उत्तर: दादा, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मला जरा लागलंही, लागायलाच पाहिजे. आम्ही पुलाच्या या बाजूला "गाव बदललं" म्हणून रडतो ते टॉकीज पडली आणि वाड्याच्या जागी टॉवर आला म्हणून. तुमचं बदललं नाही, ते नकाशावरून उचलून नवीन मांडलं. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, झालं १७ मार्च १९७० ला, तुम्ही तेव्हा पहिली-दुसरीत असाल. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांची जमीन. तुमच्या शाळेची वर्षं म्हणजे नेमकी शेतं जाण्याची वर्षं, आणि जानेवारी १९८४ ला जासईला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा तुम्ही विशीत शिरून नुकते कुठे कामाला लागला असाल. साडेबारा टक्के हा शब्द त्यातून आला, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढा विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. वाशीपर्यंत लोकल पोचली मे १९९२ ला. इतकं सगळं एका माणसाच्या शाळेपासून मुलाच्या बारशापर्यंत झालंय.

नुसतंच बोलत बसू नका. तुमच्याकडे अकरा जण आहेत, हा खजिना आहे, आमच्या ६० जणांच्या ग्रुपवर इतकं कोणी बोलत नाही, सगळे गुड मॉर्निंगची फुलं टाकतात. एक मोठा कागद घ्या, वाण्याकडचा पुडीचा नव्हे, चांगला ड्रॉइंगचा, आणि देवळापासून सुरुवात करून गाव काढा. रस्ते नका काढू, शेतांची नावं लिहा. प्रत्येक तुकड्याला नाव असतं, ते सातबारावर नसतं, बायकांच्या तोंडी असतं, म्हणून कागद घरी न्या आणि वहिनींना, बहिणींना दाखवा, त्या तुमची निम्मी नावं खोडतील. बांध कुठून कुठे होता, उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कुठे होती आणि भरतीच्या वेळी ती बंद करायची पाळी कुणाच्या घराची, फुटलेला बांध घालायला रात्री कोण कोण धावायचं. मिठागर कुठे सुरू व्हायचं. जिताडा कुठल्या तळ्यात सोडायचे, चिंबोऱ्या कुठल्या बिळात, निवट्या पकडायला शाळा चुकवून कुठे जायचात. लग्नाची धवलगीतं म्हणणारी कुणी म्हातारी अजून असेल तर या आठवड्यातच फोनवर रेकॉर्ड करा, पुढच्या आठवड्यात नको.

आणि नातू मॉल म्हणतो ना, म्हणू दे. त्याला मॉलमध्येच न्या, फिरत्या जिन्यापाशी उभं करा आणि सांगा की इथे माझ्या बापाने कमरेएवढ्या चिखलात उभं राहून बांध घातला होता. तो कागद बरोबर न्या. पोरांना नकाशा आवडतो, बोट ठेवायला मिळतं.

कागद झाला की फोटो काढून पाठवा मला. छापू की नाही ते संपादक ठरवतील, पण मला बघायचाय.

प्रश्न (पाचपाखाडीहून एक वाचक): वर्गाचे जुने ग्रुप फोटो पिवळे पडलेत, अल्बमला चिकटलेत. काय करावं?

उत्तर: ओढू नका. त्या चिकट पानांच्या अल्बमनीच फोटोंची वाट लावलीय, दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा मिळतो तो फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा फिरवा, नाहीच निघाला तर पानासकट स्कॅन करा. स्कॅनरवर ६०० डीपीआय ठेवा, फोनने काढणार असाल तर दिवसा खिडकीशी, फ्लॅश बंद. आणि फोटो वाचवण्याइतकंच महत्त्वाचं, नावं लिहा, मागची रांग डावीकडून अशी, मऊ पेन्सिलने मागच्या बाजूला, बॉलपेनाने नाही, ते पुढे उमटतं. आमच्या फोटोत ४८ जण आहेत, त्यातल्या सात जणींची नावं कुणालाच येत नाहीत. शिपाईमामा कोपऱ्यात उभे आहेत त्यांचं आडनावही कुणाला येत नाही. सगळे मामाच म्हणायचे.

पत्र (कोपरीहून एक आजोबा, वय ८३): हा प्रश्न नाही. निळ्या शाईत लिहिलेली दोन पानं आहेत, अक्षर अजून मोत्यासारखं. आजोबा १९५८ चे मॅट्रिक, म्हणजे जुनी अकरावी. लिहितात: "आमच्या तुकडीत चाळीस होतो. आता तिघे. एक अमेरिकेत मुलाकडे, त्यास ऐकू येत नाही. दुसरा याच गल्लीत, त्यास ऐकू येते पण आठवत नाही. मी सांगतो, तो हसतो, आणि दुसऱ्या दिवशी मला विचारतो की तुम्ही कोणत्या शाळेत होता. मग मी त्यास परत पहिल्यापासून सांगतो. आमचा ग्रुप म्हणाल तर हाच. तुम्ही आठवणी मागितल्यात म्हणून धाडस करून एक लिहितो. १९५३ साली रेल्वेस शंभर वर्षे झाली त्याचे टपाल तिकीट निघाले होते, दोन आण्याचे, ते आणण्यास मी व माझा हा मित्र पोस्टात गेलो. तिकीट एकच मिळाले. येताना तळ्यापाशी ते कोणाकडे राहावे यावरून आमची झटापट झाली, तिकीट वाऱ्याने उडून पाण्यावर गेले, आणि मला पोहता येत नसताना मी"

उत्तर: आजोबा, दुसरं पान इथेच संपलंय. खाली कोपऱ्यात तुम्ही "पृष्ठ २" असं लिहिलंय, म्हणजे तिसरं असणार. मी पाकीट दोनदा उलटं करून झटकलं, ऑफिसमधल्या पोरांना टेबलाखाली शोधायला लावलं, नाहीये. कदाचित तुमच्याकडेच राहिलं असेल, देवाच्या फळीवर किंवा पंचांगात बघा. नसलंच तर परत लिहा, घाई नाही, अंकाची तारीख सांभाळायची गरज नाही, आणि लिहायला त्रास होत असेल तर मी रविवारी लोकलने कोपरीला येते, वही घेऊन. मित्रालाही बोलावून ठेवा. मी आजवर ही गोष्ट ऐकलेली नाही, म्हणजे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकणारे आम्ही दोघं असू.